पंजी, तिर्री, दुर्री

रामटेकची पाने प्रसिद्ध आहेत, हे नागपूरकडच्या माणसाला सांगायला नको. तिथल्या पानमळ्यांची कीर्ती जुनी आहे. पण मी ज्या पानांविषयी लिहिणार आहे, त्यांना चुना लागत नाही, कात लागत नाही आणि ती खाल्ल्याने तोंड रंगत नाही. तोंडाचा रंग उडतो मात्र पुष्कळांच्या! ही पाने संख्येने बावन्न. आमच्या आत्याच्या घरी एका पत्र्याच्या डब्यात ती दोनशे चिंचोक्यांच्या सोबतीने राहतात आणि वर्षातून एकदाच, दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी, बाहेर येतात. जोड चारपाच वेळा बदलले असतील. डबा आणि चिंचोके मात्र माझ्या लहानपणचेच आहेत.

आत्याचे घर म्हणजे खरे तर आमच्या आजोबांचे घर. अंगणात उभे राहिले की गडावरचे राममंदिर समोर दिसते. आजोबा कडक गृहस्थ. पैसे लावून पत्ते खेळणाऱ्याला त्यांच्या घरात पाण्याचा पेलाही मिळाला नसता. पण दिवाळीचा पाडवा म्हणजे द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा आहे. तेव्हा देवांनी चालू केलेला प्रघात मोडायचा कसा, या अडचणीतून आजोबांनी तोड काढली होती : वर्षातून एक संध्याकाळ, चिंचोक्यांवर, आणि रात्रीच्या जेवणाची पाने मांडली की डाव बंद.

आम्ही मुले त्या दिवसापुरते तीन पत्तीचे खेळाडू होत असू. पण घरोघरी खेळतात ती तीन पत्ती आत्या आम्हांला खेळू देत नसे. ती खेळवी मुफलिस.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. साध्या तीन पत्तीत प्रत्येकाला तीन पाने मिळतात. तिन्ही पाने एकाच किमतीची आली तर सर्वांत मोठा हात. त्याखाली एकाच रंगातली ओळीची तीन पाने, मग निरनिराळ्या रंगांतली ओळ, मग नुसता रंग, मग जोडी आणि यांतले काहीच नसेल तर ज्याचे पान मोठे तो मोठा. इंग्रजांच्या ब्रॅग नावाच्या तीन पानांच्या खेळाशी याचे जवळचे नाते आहे आणि अमेरिकेत वाढलेला पोकर हाही त्याच कुळातला.

मुफलिसमध्ये ही सगळी उतरंड पालथी होते. तीन एक्के घेऊन बसलेला भाग्यवान इथे सर्वांत दुर्दैवी, आणि ज्याच्या हातात काही म्हणजे काही नाही तो राजा! मुफलिस म्हणजे कफल्लक. अरबीत ‘फल्स’ म्हणजे तांब्याचे हलके नाणे. चांदी संपून ज्याच्यापाशी तांबे उरले तो मुफलिस. दिवाळीला दिवाळखोराचा खेळ खेळायचा, हा विनोद आम्हांला पुष्कळ उशिरा कळला.

आता प्रश्न असा, की सर्वांत कंगाल हात कोणता? नवखा माणूस चटकन सांगतो, चव्वी-तिर्री-दुर्री. आत्या या उत्तराची वाटच पाहत असे. चव्वी-तिर्री-दुर्री ही ओळ झाली, म्हणजे हात मोठा झाला, म्हणजे इथे तो मेला! एक्का लहान धरावा असेही काही लोक मानतात, म्हणून खेळायला बसण्यापूर्वी ते ठरवून घ्यावे. आमच्या घरी एक्का नेहमी थोरच. तेव्हा खरा कफल्लक हात म्हणजे पंजी, तिर्री आणि दुर्री, तिन्ही एका रंगाची नसलेली. पोकरच्या एका उलट्या प्रकारातही असेच आहे. तिथे पाच पानांत सत्ती-पंजी-चव्वी-तिर्री-दुर्री हा सर्वांत चांगला हात, कारण सत्तीऐवजी छक्की आली की ओळ होते.

या ‘पाच-तीन-दोन’ची आम्हां मुलांना फार गंमत वाटे. कारण त्याच नावाचा तिघांचा खेळ आम्ही वर्षभर खेळत असू. तीस पाने, प्रत्येकी दहा, आणि एकाने पाच, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन हात करायचे. तिथे दोन हात करायचे ज्याच्या नशिबी येत, त्याला आम्ही गरीब समजत असू. इथे तेच तीन आकडे एकत्र आले की डाव आपला!

खेळायची रीत सोपी आहे. प्रत्येकाने आरंभी एक चिंचोका मध्ये टाकायचा. पाने पिसून, काटून, एकेक करून पालथी वाटायची. मग डावीकडून चाल सुरू होते. पाने न पाहता खेळणारा तो आंधळा आणि पाहून खेळणारा तो डोळस. आंधळ्याने एक चिंचोका टाकला तर डोळसाला दोन टाकावे लागतात. पाहण्याची किंमत दुप्पट. चाल वाढवायची तर ती फार तर दुपटीने. ज्याला पुढे जायचे नाही त्याने पाने पालथी ठेवून ‘पॅक’ म्हणायचे. मग त्याचे चिंचोके गेले ते गेले. दोघे उरले की त्यांतल्या एकाने चाल भरून शो मागायचा. पाने उघडतात, आणि हलका हात सगळी रास ओढून घेतो. दोघांचे हात अगदी सारखे निघाले, तर शो मागणारा हरला.

मला हे सगळे दोन दिवाळ्यांत पाठ झाले. हिशेब मात्र कळायला गणिताची पदवी घ्यावी लागली. बावन्न पानांतून तीन पाने निवडण्याचे प्रकार २२,१०० होतात. त्यांपैकी ज्यांत जोडी नाही, रंग नाही, ओळ नाही असे हात १६,४४०, म्हणजे जवळजवळ पाऊण. साध्या तीन पत्तीत चारांपैकी तिघे पाने पाहून खट्टू होतात. मुफलिसमध्ये त्याच चारांपैकी तिघांना आशा वाटते! या खेळातली सगळी गोम या आशेत आहे. हात वाईट आला याचा आनंद मानून माणूस चाल भरतो आणि शेजारच्याचा हात आपल्याहून वाईट असेल, हे त्याच्या डोक्यातही येत नाही.

उदाहरण घ्या. ज्यात गुलामापेक्षा मोठे पान नाही आणि इतर काही जुळलेले नाही, असा हात नवख्याला फार आवडतो. पण असे हात ६,७२० आहेत, म्हणजे शंभरात तीस. पाच जण खेळत असतील आणि तुमच्याकडे गुलाम-दश्शी-अठ्ठी असेल, तर उरलेल्या चौघांत कुणाचा तरी हात तुमच्याहून हलका असण्याचा संभव साधारण चारांत तीन. दश्शीच्या आतले हात ४,६२०. तिथेही अजून पारडे तुमच्या बाजूला झुकत नाही. नव्वीच्या आतले ३,०००, म्हणजे सातांत एकाहून किंचित कमी. पाच जणांत नव्वीच्या आत असाल तरच निम्म्याहून बरी आशा. आणि ती पंजी-तिर्री-दुर्री? तिचे प्रकार अवघे साठ. ३६८ डावांत एकदा. तीन सारखी पाने ४२५ डावांत एकदा येतात. म्हणजे पुरता कफल्लक होणे हे कुबेर होण्याइतकेच दुर्मिळ आहे.

हे सारे कागदावर मांडून मी एका दिवाळीला मोठ्या ऐटीत आत्याला दाखवायला नेले. तिने कागद दूर धरून पाहिला आणि म्हणाली, “पाचात नव्वी, तिघांत गुलाम. एवढं लिहायला इतका कागद काहून लागला रे?”

मी घरी येऊन तिघांचा हिशेब केला. तो तंतोतंत जुळला. चौथी पास झालेल्या बाईला हे कुणी शिकवले, हा प्रश्न त्या वेळी मला पडायला हवा होता. पडला नाही. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना जे येते ते त्यांना जन्मतःच येत असते, अशी आपली समजूत असते.

आत्याविषयी आम्हांला ठाऊक होते ते असे. ती १९६२ साली माहेरी आली. ‘काका परगावी असतात’ हे उत्तर आम्हांला मिळे, आणि तिच्या कपाळावर कुंकू असल्यामुळे ते खरेही वाटे. पुढे ते परगावीच वारले. तिने शिवणकाम केले, आजी-आजोबांचे केले, भावांच्या मुलांच्या परीक्षांसाठी गडाच्या पायऱ्या चढली. रामटेक म्हणजेच मेघदूतातला रामगिरी, असे वा. वि. मिराशींसारख्या पंडितांनी मानले आहे. कामात चूक केलेला यक्ष तिथे वर्षभराची शिक्षा भोगत होता. आत्या म्हणे, “त्याची एका वर्षात सुटका झाली. चूक त्याची स्वतःची होती न, म्हणून!” आम्ही हसत असू. ती विनोदी होतीच.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना हात थोडा आखडतो. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या चिरंजीवांनी, वय वर्षे तेहतीस, पुण्यात उत्तम नोकरी, पदरात दोन वर्षांची मुलगी, एका रात्री मला फोन करून सांगितले, की मोबाइलवर तीन पत्ती खेळण्यात आपण साडेतीन लाख रुपये घालवले आहेत. त्यातले दीड लाख कर्जाऊ. सूनबाईंना ठाऊक नव्हते. मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही. बोललो ते सगळे बरोबर होते आणि त्यातल्या एका शब्दाचाही उपयोग झाला नाही. कर्ज आम्ही फेडले. पण घरात एक प्रकारची शांतता आली. त्याच्यासमोर वर्तमानपत्र उघडतानासुद्धा, त्यात जुगाराची बातमी नसावी, असे मला वाटे.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही सगळे रामटेकला गेलो. आत्या चौऱ्याऐंशीची. तिला कुणी काही सांगितले नव्हते. पण म्हातारी माणसे न सांगितलेलेच जास्त ऐकतात. पाडव्याला संध्याकाळी आत औक्षणाची तयारी चालली होती आणि तिने डबा काढला. मी घाईने म्हणालो, “आत्या, या वर्षी पत्ते नकोत.”

“काहून? मी तर खेळणार,” ती म्हणाली आणि चिरंजीवांकडे वळली. “ये रे, बस इथं. किती गमावले?”

खोलीत कुणी हालले नाही. त्याने खाली मान घालून आकडा सांगितला.

“माझे त्या मानाने कमीच गेले म्हणायचे,” आत्या पाने पिसत म्हणाली. “आठ तोळे आणि एक शिवणाचं मशीन.”

आणि मग साठ वर्षांत जे कुणी विचारले नव्हते, ते तिने पाने वाटावीत तशा संथपणाने एकेक करून आमच्यापुढे ठेवले. आमचे काका एका कचेरीत कारकून होते. संध्याकाळी घरीच बैठक बसे. चहा द्यायला आत्या दाराशी उभी. “दारातून चौघांची पानं दिसत. रोज रात्री चार वर्षं मी दुसऱ्यांची पानं पाहून राहिली होती. यांचा हात पाहिला की मला कळे, आता पॅक म्हणायला पाहिजे. हे कधी म्हणत नसत. वाईट पानांवर तर मुळीच नाही. म्हणत, इतके घातले, आता कसं सोडायचं? एका दिवाळीत, याच दिवशी, मी ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. यांनी हाताची खूण केली, थांब, हा एक डाव होऊ दे. त्या डावात बांगड्या गेल्या. मी ताट खाली ठेवलं. आठ दिवसांनी बाबा येऊन घेऊन गेले.”

आत कुणाच्या तरी हातून तबक ठेवल्याचा आवाज झाला. मला एकाएकी दिसले, की इतकी वर्षे पत्त्यांचा डबा नेमका पाडव्याला संध्याकाळी, नेमका औक्षणाच्या वेळीच का निघत होता. घरातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना ओवाळत असताना, हयात नवऱ्याच्या या बाईला कुठे तरी बसायला जागा हवी होती. ती मुलांना गोळा करून ओसरीवर बसे. आम्ही समजत होतो, ती आम्हांला रमवते आहे.

“पण मग आत्या, तू मुळात पत्तेच कशाला हातात घेतलेस?” मी विचारले.

“पोट्ट्यांनो, पत्ते तुम्ही कुठं न कुठं शिकणारच होते. म्हटलं, माझ्यापाशी शिका. आणि साधी तीन पत्ती शिकवली की मोठ्या पानाची हाव सुटते. यात पानं वाईटच लागतात. वाईट पानं पाहायची सवय झाली की ती टाकायचीही होते.”

नलराजाची गोष्ट आम्हां विदर्भवाल्यांना आपल्या जावयाची म्हणून जवळची. पुष्कराशी द्यूत खेळून नलाने राज्य घालवले, दमयंतीला रानात टाकले. पण त्याच्या सुटकेची कथा आपण विसरतो. ऋतुपर्ण राजाबरोबर विदर्भाकडे रथ हाकताना वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण त्याची पाने आणि फळे नजरेने मोजून दाखवतो आणि ती मोजण्याची विद्या नलाला देतो. ती विद्या मिळताच नलाच्या अंगातला कली बाहेर पडतो. जुगार वाईट आहे हे त्याला आधीही ठाऊक असणारच. त्याला हवे होते ते मोजमाप. मी मुलाला उपदेश दिला होता. मोजमाप आत्याकडे होते.

आम्ही पाच जण खेळायला बसलो. पहिल्या तीन डावांत चिरंजीवांनी सगळे चिंचोके घालवले. मोबाइलवर हरताना कुणी पाहत नसते, इथे त्याच्या चुलत बहिणीच्या सातव्या वर्षाच्या मुलीने, “मामा, तू प्रत्येक वेळी का खेळतोस?” असे सर्वांसमक्ष विचारले. आत्याने त्याला आपल्यातले वीस चिंचोके मोजून दिले आणि वहीत मांडून ठेवले.

“परत द्यावे लागतील,” ती म्हणाली. “जेवायच्या आधी.”

मग तो जरा सावरून बसला. पाने पाहू लागला. राजा आला की टाकू लागला, राणी आली की टाकू लागला. तासाभराने एक मोठा डाव झाला. बाकीचे गळाले, तो आणि आत्या उरली. मध्ये चिंचोक्यांची रास. आत्याने चाल दुप्पट केली. त्याने पाने पुन्हा उचलून पाहिली. मी त्याच्या मागेच बसलो होतो : गुलाम, सत्ती, तिर्री. दोघांत हा हात चांगला. पण पाचांतून उरलेली ही दोघे होती, आणि समोर चार वर्षे दारात उभी राहिलेली बाई होती. शिवाय शो मागायचा तर त्याच्यापाशी होते तेवढे सगळे लागणार होते, म्हणजे उसने आणलेले वीस धरून. त्याचा हात चिंचोक्यांकडे गेला, तिथे थांबला. माझ्या छातीत धडधडत होते. चिंचोके होते हो, दुसरे काही नव्हते! पण मी त्या क्षणी रामरायाला जे म्हणालो, ते त्याच्या परीक्षांच्या वेळीही म्हणालो नव्हतो.

त्याने पाने पालथी ठेवली.

“पॅक,” तो म्हणाला.

आत्याने रास ओढून घेतली. तो म्हणाला, “आत्याआजी, तुझ्याकडे काय होते ते तरी दाखव.”

आत्याने आपली तीन पाने उचलली, जोडात मध्ये खुपसली आणि पिसायला लागली.

“पैसे न भरता पानं पाहायची नसतात,” ती म्हणाली.

या गोष्टीनंतरच्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. चांगलेच झाले. चिरंजीवांनी तो मोबाइलवरचा खेळ त्याआधीच, त्या पाडव्याच्या रात्री, काढून टाकला होता. पुन्हा कधी तो त्या वाटेला गेला का, असे मी त्याला विचारत नाही. विचारावेसे वाटते तेव्हा आत्याचे ते वाक्य आठवते.

त्या रात्री पाने मांडली गेली तेव्हा त्याने वीस चिंचोके मोजून परत दिले. आत्याने वहीतली रकम खोडली. मग डब्यात चिंचोके भरताना ती नेहमीप्रमाणे मोठ्याने मोजू लागली. दोनशे भरले. आतून सूनबाईंनी हाक मारली, औक्षण राहिले होते. चिरंजीव उठले, पाटावर जाऊन बसले. आत्या डब्याचे झाकण लावून दारापाशी येऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत पाहत होती.